रस्त्याचं बारसं

आयुष्यात दोन माणसांची नावं मी कधी तोंडातून काढली नाहीत. एक नवऱ्याचं, कारण आईनं तसं वळण लावलं. दुसरं आमच्या रस्त्याच्या पाटीवर आहे ते, कारण मला याच गावात राहायचंय. नवऱ्याला मी 'हे' म्हणते. त्या दुसऱ्यांना अख्खा जिल्हा साहेब म्हणतो, तेव्हा मीही इथं साहेबच लिहिते. साहेब हयात आहेत, ठणठणीत आहेत, आणि त्यांच्याबद्दल कोण काय बोललं हे त्यांच्या कानावर घालणारी माणसं गल्लीगल्लीत आहेत.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी जन्म काढला. पोरांवर ओरडून ओरडून आवाज असा झालाय की मी कुजबुजले तरी शेजारी ऐकू जातं. असा आवाज असलेली बाई दोन महिने घरात तोंड मिटून बसली होती, यावरून काय ते समजून घ्या.

उस्मानपुऱ्याच्या मागच्या अंगाला आमची गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी आमचं घर. गल्लीला नाव नव्हतं. रिक्षावाल्याला 'पिठाच्या गिरणीची गल्ली' म्हटलं की तो बरोबर दारात आणून सोडायचा. गावाचंच नाव बदललं, आमच्या तोंडातून अजून जुनं नवं दोन्ही निघतं, तिथं गल्लीच्या नावाची फिकीर कुणाला होती? फिकीर बन्सीला होती. बन्सी आमच्या पलीकडचा. पाण्याचे टँकर चालवतो आणि साहेबांचं काम करतो. नळाला जिथं आठवड्यानं पाणी येतं तिथं टँकरवाल्याशी कुणी वाकडं घेत नाही.

त्यानं गणपतीच्या देवळात बैठक बोलावली. रस्त्याला साहेबांचं नाव द्यायचं. पाटी मंडळाच्या खर्चानं, आमच्या घराच्या भिंतीवर, अगदी सरकारी पाटीसारखी निळी. सरकारी कागद मागाहून होतील म्हणाला. नाव लागलं की रस्ता सिमेंटचा होणार, हेही म्हणाला. सगळे माना हलवत होते. एकटे अनंतराव वकील उठले. म्हणाले, "बन्सी, जिवंत माणसाचं नाव रस्त्याला देऊ नये रे. अजून त्यांच्या हातून काय काय व्हायचंय, कोणाला ठाऊक. शिवाय कोर्टात एक प्रकरण चालू आहे." बन्सी हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी अनंतरावांच्या स्कूटरचं सीट ब्लेडनं उभं चिरलेलं होतं. कुणी चिरलं हे त्यांनीही विचारलं नाही. गल्लीत सगळ्यांना एकाएकी खूप कामं निघाली.

आमचे हे त्या बैठकीत एक शब्द बोलले नाहीत. म्हणून त्यांना नामकरण समितीचे अध्यक्ष केलं. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी त्यांनी अशीच केली, वरचे साहेब म्हणतील तिकडं पाणी सोडायचं. मी त्या दिवशी त्यांना चिडवलंसुद्धा, की आता अध्यक्षीणबाईंना एक चांगली साडी घ्या. तेव्हा मला हसू येत होतं. कारण पाचोडची सोयरीक तेव्हा यायची होती.

आमची कावेरी एका रक्तपेढीत काम करते. तिशी गाठली तरी लग्न जमत नव्हतं. कुणाला रंग नको, कुणाला नोकरी नको, आणि तीन-चार जणांना तिनंच नको म्हटलं. मग माझ्या मावसभावानं लक्ष्मणचं स्थळ आणलं. शेतकरी घर, मुलगा कृषी महाविद्यालयात शिकवतो. दोघं एकदा भेटली, दुसऱ्यांदा भेटली, आणि माझी लेक घरात गुणगुणायला लागली. आईला आणखी काय लागतं? मी मनातल्या मनात रुखवताची भांडीसुद्धा मांडून ठेवली.

पण मावसभावानं पहिल्याच दिवशी एक गोष्ट कानावर घातली होती. लक्ष्मणचा थोरला भाऊ फकिरा. कॅनॉलला पाणी सोडा म्हणून पाचोडच्या बाजूला शेतकऱ्यांनी रास्ता रोको केला होता, त्यात तो पुढं बसलेला. साहेबांची गाडी आली. थांबली नाही. फकिरा तिथंच गेला. साहेब म्हणाले, मी गाडीत नव्हतोच. ड्रायव्हर म्हणाला, ब्रेक लागला नाही. साक्षीदारांपैकी एकाला नोकरी लागली, एक गाव सोडून गेला. प्रकरण अजून चालू आहे. त्याची आई, आवडाबाई, दर तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात येऊन बसते आणि तारीख पडली की एसटीनं परत जाते.

हे ऐकलं त्या दिवसापासून माझी झोप गेली. ज्या माणसानं त्यांचा मुलगा रस्त्यावर मारला त्याच्या नावाचा रस्ता त्यांच्या सुनेच्या माहेरी, आणि त्या समितीचा अध्यक्ष सुनेचा बाप. कावेरी म्हणाली, "सांगून टाका त्यांना. लक्ष्मणला मी सांगते." हे म्हणाले, "थांब. एकदा सुपारी फुटू दे, मग सांगू." आमच्याकडे पाच पंचांदेखत सुपारी फुटली की सोयरीक पक्की. मग कुणी मागं फिरत नाही, फिरलं तर चार गावांत तोंड दाखवता येत नाही. म्हणजे त्यांना आधी बांधून घ्यायचं आणि मग सांगायचं. मला ते पटलं नव्हतं. पण मी हो म्हटलं, कारण लेकीचं गुणगुणणं मला बंद पडू द्यायचं नव्हतं.

सुपारी रविवारी ठरली, दुपारी चारच्या सुमाराला, आमच्या घरी. आणि शुक्रवारी संध्याकाळी बन्सी पेढे घेऊन आला. "काका, साहेबांनी टाइम दिला. रविवारी, सकाळी अकरा. नारळ तुमच्या हातनं."

हे पेढा हातात धरून तसेच उभे राहिले. मी म्हटलं, "बन्सी, रविवारी आमच्याकडं पाहुणे आहेत रे. पुढच्या आठवड्यात नाही का जमणार?"

"काकू, साहेबाचा टाइम म्हणजे काय आपला टँकर आहे का, आज नाही तर उद्या? टेन्शन नका घेऊ. बारापर्यंत खल्लास. पाहुण्यांना आपलाच मांडव कामाला येईल." जाता जाता तो दारात थांबला, वर आमच्या गॅलरीकडं बघितलं आणि हसत म्हणाला, "अन् काकू, तिथं गोधड्या वाळत घालता ना तुम्ही, त्या जरा मागच्या बाजूला घाला. पाटी झाकली जाईल."

मी नेमका तोच विचार करत होते. कार्यक्रम आटोपला की वरून एक मोठी गोधडी पाटीवर सोडायची, पाहुणे गेले की काढायची. माझ्या मनातलं त्याला कसं कळलं, हेच मी रात्रभर यांना विचारत राहिले. हे म्हणाले, "अगं, त्याला काही कळलेलं नाही. तो आपला सहज बोलला." पण झोपले हेही नाहीत.

रविवारी उजाडल्यापासून गल्लीत मांडव. आमच्या फाटकाला लागूनच लाल-पांढरं कापड, खुर्च्या, पुढं एक छोटं व्यासपीठ. भिंतीवर पाटी आणि पाटीवर भगवा पडदा. साहेबांचा फोटो मात्र कुठं नव्हता. मागं दुसऱ्या एका चौकात त्यांच्या फ्लेक्सला कुणीतरी रातोरात काळं फासलं होतं, तेव्हापासून साहेब स्वतः पोचेपर्यंत फ्लेक्सची गुंडाळी सोडायची नाही असा हुकूम होता. भोंग्यावर सनई लावून दिलेली. दोन पोलीस गिरणीच्या पायरीवर बसून चहा पीत होते. बघणाऱ्याला वाटावं, या घरी आज लग्नच आहे.

अकरा वाजले, बारा वाजले. साहेब पैठणला दुसऱ्या कार्यक्रमाला होते. "निघालेत," बन्सी म्हणाला. एकला परत विचारलं. "निघालेत." यांना सकाळीच फेटा बांधून व्यासपीठावर बसवलं होतं, ते तिथंच बसून होते, जेवायलासुद्धा आले नाहीत. मांडवात माणसं मोजकीच. बन्सी फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होता, कारण साहेब आले आणि खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर त्याचं काही खरं नव्हतं. "पाचोडहून गाडी निघाली का?" तो कुणाला तरी विचारत होता. "अरे, माणसं बसवा अन् पाठवा पटकन."

दोन वाजता मला राहवेना. मी लक्ष्मणच्या वडिलांना, कडूबांना, फोन लावला. ठरवलं होतं, स्पष्ट सांगायचं की आज येऊ नका. त्यांनी उचलला तो आनंदातच.

"निघालो की कव्हाच. आडूळ मागं टाकलं बगा. भटजी म्हनले साडेचारनंतर राहुकाळ हाय, म्हून मनलं लवकर निगावं. लई तरास घेऊ नका हां तुम्ही."

मागून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, "सावकाश या. ऊन फार आहे."

फोन ठेवला आणि स्वतःचीच इतकी चीड आली की हातातला झारा ओट्यावर आपटला. वर्गात चाळीस पोरांना एका शब्दात गप्प करणारी मी, आणि एका भल्या माणसाला एक वाक्य सांगता आलं नाही.

कावेरी म्हणाली, "मी फाटकात थांबते. गाडी आली की मागच्या दारानं घरात घेऊ." तिनं अबोली रंगाची साडी नेसली होती. मी म्हटलं, "नवरी मुलगी फाटकात उभी राहून पाहुण्यांना मागच्या दारानं नेते, हे कसं दिसेल?" ती म्हणाली, "पुढच्या दारानं नेलेलं कसं दिसेल, ते बघ तूच." तेवढ्यात कढईतले भजे करपायला लागले, मी वळले, आणि नेमकी तेव्हाच गल्लीच्या तोंडाशी क्रूझर येऊन थांबली.

पुढचं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. क्रूझरमधून कडूबा उतरले, त्यांच्यामागं लक्ष्मणचे दोन चुलते, गावचे एक आप्पासाहेब पाटील, दोघी-तिघी बायका आणि सगळ्यांत शेवटी आवडाबाई, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. सुपारीला नवरा मुलगा येत नाही, म्हणून लक्ष्मण नव्हता. बन्सीची पोरं धावत गेली. "पाचोडचे ना? या या. तुमचीच वाट बघत होतो." पाहुण्यांनी मांडव पाहिला, सनई ऐकली, आणि व्यासपीठावर फेटा बांधून बसलेला मुलीचा बाप पाहिला. त्यांना दुसरं काय वाटणार? पोरांनी त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. फेटेवाला आला आणि कडूबांच्या डोक्याला फेटा बांधू लागला, मग चुलत्यांच्या, मग आप्पासाहेबांच्या. कडूबांनी मान ताठ धरून समोर बघितलं आणि यांना हात केला. आणि यांनी, काय करावं कळेना म्हणून, परत हात केला.

नंतर मी विचारलं, तुम्ही उठून का आला नाहीत? म्हणाले, "पाय उचलेनात." माझेही तेव्हा उचलत नव्हते.

कावेरीला बन्सीच्या बायकोनं फाटकातच अडवलं होतं, हळदीकुंकवाची कोयरी हातात देऊन. ती कोयरी टाकून आत पळत आली. "आई, तू जा. तुझंच काम आहे." मी गॅस तसाच सोडून बाहेर गेले. खुर्च्यांमधून वाट काढत आवडाबाईंपाशी पोचले आणि त्यांचा दंड धरला.

"विहीणबाई, घरात चला. इथं ऊन लागतंय."

"बसू द्या की घडीभर," त्या म्हणाल्या. तोंडभर हसल्या. "किती थाट क्येला तुम्ही. आमच्या फकिराच्या लग्नाला बी इतका नव्हता. नुसत्या सुपारीला एवढं कामून?"

तेव्हा सांगायचं होतं. मी तोंड उघडलं, आणि सनई बंद पडून फटाक्यांची माळ लागली. सायरन वाजवत गाड्यांची रांग गल्लीत शिरली. माणसं उठली, एकमेकांवर रेटली, फ्लेक्सची गुंडाळी वरून सुटली, पण ती आमच्या पाठीमागं. मी आवडाबाईंचा दंड सोडला नव्हता. "चला ना," एवढंच मी म्हणत होते, आणि त्या माझ्याकडं नवलानं बघत होत्या की या बाईला झालंय काय.

साहेबांची एक पद्धत आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. कार्यक्रमाला आले की आधी व्यासपीठावर जात नाहीत. पहिल्या रांगेतली सगळ्यांत म्हातारी बाई हेरतात, तिच्या पायांवर डोकं ठेवतात, आणि तेवढ्यात फोटो निघतो. त्यांनी हेरलं. माझ्याकडं बघत असलेल्या आवडाबाईंच्या पुढ्यात पांढरे कपडे वाकले आणि पायांना हात लागला.

कुणी पाया पडलं की आपला हात आपसूक वर जातो. तो कुणाचा आहे, का पडतोय, हे बघायला कुणी थांबत नाही. आवडाबाईंचा हात गेला, त्या डोक्यावर टेकला, आणि सवयीनं तोंडातून शब्द निघाले. "सुखी ऱ्हाय, लेकरा. लई आयुष्य लाभू दे तुला."

कॅमेरे चमकले. साहेबांनी मान वर केली, हसले, म्हणाले, "आशीर्वाद राहू द्या, आई." आणि पुढं सरकले. ज्या बाईला त्यांनी इतक्या तारखांना कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेलं पाहिलं असेल, तिला त्यांनी ओळखलं नाही. कडूबांसमोर हात जोडले, त्यांनाही नाही. कदाचित कधी पाहिलंच नसेल. त्या क्षणी मला त्यांची भीती वाटली नाही. नुसता राग आला.

आवडाबाई अजून हात तसाच धरून बसल्या होत्या, हवेत, जिथं डोकं होतं तिथं. कडूबांनी डोक्यावरचा फेटा काढला आणि खुर्चीवर ठेवला. चुलत्यांनी काढला. व्यासपीठावर कुणीतरी दोरी ओढली, पडदा खाली आला, टाळ्या पडल्या. पाटी मी वाचली नाही. त्यांनी वाचली.

ती माणसं उठून परत जायला निघाली तर क्रूझर साहेबांच्या गाड्यांच्या मागं अडकलेली, पुढं हलायला जागा नाही. उन्हात उभं राहायचं किंवा आमच्या घरात यायचं, एवढंच हाती होतं. आप्पासाहेब म्हणाले, "बाईला चक्कर यील. आत घ्या." म्हणून ती आत आली.

बैठकीत सतरंजी घातली होती. मधे पाट, पाटावर तांब्या, विडे, सुपाऱ्या. त्या मांडणीकडं कुणी बघत नव्हतं. पुरुष भिंतीला टेकून उभे राहिले. आवडाबाई खाटेच्या कडेला बसल्या. यांना मी कसंबसं व्यासपीठावरून उतरवून आणलं होतं, ते दारात खांबासारखे उभे. फेटा तसाच.

"तुम्हाला ठाव व्हतं?" आवडाबाईंनी मला विचारलं. आवाज चढला नव्हता.

"होतं," मी म्हटलं.

"मंग सांगितलं कामून नाय?"

"भीती वाटली."

"त्याची का आमची?"

मी म्हटलं, "दोघांची. पोरीचं मोडेल म्हणून तुमची."

कावेरी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो खाली ठेवला आणि आवडाबाईंच्या पाया पडली. मी बघत होते. आवडाबाईंचा हात मांडीवर होता, तो हलला. मग त्यांनी दुसऱ्या हातानं तो घट्ट धरला आणि मांडीवरच दाबून ठेवला.

"आज नगं, पोरी," त्या म्हणाल्या. "त्याला दिला म्या आत्ता. तोच हात, तेच शब्द. उष्टा आशीर्वाद तुला कसा दिऊ?"

कावेरी तशीच वाकलेली राहिली. माझ्या लेकीला मी कधी रडताना फारसं पाहिलं नाही, तेव्हाही ती रडली नाही, पण उठायला तिला फार वेळ लागला. कडूबा म्हणाले, "पोरीचा काय बी दोष नाय. पन माहेर म्हनलं की येनं-जानं आलं. लोकं इचारतील, सून कुठली? काय पत्ता सांगावा आमी?" त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. संपलं, असं मला वाटलं. बाहेर साहेबांचं भाषण संपत आलं होतं. विकास हा शब्द भोंग्यातून पुन्हा पुन्हा आत येत होता.

तेवढ्यात बन्सी आला. फाटक ढकलून थेट दारात. "काका, चला लवकर. साहेब चहाला येतायत. अध्यक्षांच्याच घरी घेतो म्हणाले, किती मोठा मान दिला बघा. काकू, कपबशा चांगल्या काढा." त्याची नजर उघड्या डोक्याच्या पाहुण्यांवर गेली. "अरे, फेटे कामून काढले?"

कडूबांच्या हातातली चप्पल तशीच राहिली. आवडाबाईंनी दाराकडं पाहिलं. आणि यांनी माझ्याकडं पाहिलं, आयुष्यभर जसं साहेबलोकांकडं पाहायचे, तसं. काय करू, असं.

साहेबांना नाही म्हणता येत नाही. आजारपण सांगितलं तर ते चौकशीला आत येतील, पाहुणे आहेत म्हटलं तर ओळख करून घ्यायला येतील. मराठवाड्यात एकच दार असं आहे की जिथून कितीही मोठा माणूस चहा न पिता परत जातो.

"बन्सी," मी म्हटलं, शाळेतल्या आवाजात, "घरात सुतक आहे."

बन्सी हसला. "काकू, काय चेष्टा करता. सकाळपासून काका फेटा बांधून बसलेत."

"आत्ताच कळलं. सुतक कळल्यापासून लागतं."

त्याचं हसू गेलं. त्यानं पाट पाहिला, विडे पाहिले, कावेरीची साडी पाहिली. "कोण गेलं?"

इतका पुढचा विचार मी केला नव्हता. सुपारीच्या दिवशी स्वतःच्या घरात मरण बोलले होते. कुणाचं नाव घ्यावं? कुणाला मारावं? आणि माझ्या मागून यांचा आवाज आला.

"फकिरा," हे म्हणाले. डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी तो बन्सीच्या हातात दिला. "पाचोडचा. माझ्या व्याह्यांचा थोरला मुलगा. रस्त्यावर गेला."

बन्सीला ते नाव ठाऊक होतं. साहेबांच्या माणसांत ते ठाऊक नसलेला कुणी नाही. त्याची नजर एकेक तोंड बघत आवडाबाईंवर येऊन थांबली. तो काय करेल, कुणाला हाक मारेल, मला काही कळेना. अनंतरावांचं सीट डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

आणि आवडाबाईंनी गळा काढला. मौतीच्या घरी बाया काढतात तसा, मोठ्यानं, नाव घेऊन. "फकिरा रे, माझ्या राजा." त्या उठून आल्या आणि माझ्या गळ्यात पडल्या. त्यांचं सगळं अंग हलत होतं. मीही रडायला लागले, मला माहीतही नव्हतं की मला रडायचं होतं. कावेरी जवळ आली, पाहुण्या बायका आल्या, आणि आमच्या त्या एवढ्याशा बैठकीत असा आकांत झाला की बाहेरचा भोंगा ऐकू येईना.

साहेब फाटकापर्यंत आले होते. एक चप्पल काढून झाली होती. बन्सी त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला. काय बोलला, नुसतं सुतक म्हणाला की नावही सांगितलं, ते मला अजून ठाऊक नाही, आणि ते ठाऊक होईपर्यंत या घरात कुणाला धड झोप लागणार नाही. साहेबांनी पडलेल्या चेहऱ्यानं, मौतीच्या घरी जोडावेत तसे फाटकातूनच हात जोडले. चप्पल परत पायात घातली आणि गेले. गाड्या हलल्या. गल्ली मोकळी झाली.

आवडाबाई शांत झाल्या तेव्हा कडूबांनी क्रूझर दारापर्यंत आणायला सांगितलं. मी पाणी पुढं केलं. त्यांनी ते घेतलं, चहाला मात्र नको म्हणाल्या. "सुतकाच्या घरचा च्या नाय घेत." मी मान खाली घातली. आमचं खोटं होतं, पण आता ते खोटं म्हणायची कुणाची छाती नव्हती. पाटावरच्या सुपाऱ्या तशाच होत्या.

त्या उंबऱ्यात थांबल्या. पदर सारखा केला, लाल झालेल्या डोळ्यांनी कावेरीला शोधलं, आणि मग यांच्याकडं पाहिलं.

"सुतकात सुपारी फुटत नाय, इवाई," त्या म्हणाल्या. "तेरावा झाला की पाचोडला या. आमच्या दारात फोडू. अन् पोरीला आना संगं. तिचा आशीर्वाद ऱ्हायलाय माज्याकडं."